शेतावरच्या रोजच्या कामाला एटीव्ही घ्यायची आहे? मुरबाड-शहापूरकडे शेत असणाऱ्यांसाठी एकेक पायरी

राहायला कल्याण, बदलापूर नाहीतर पार नेरूळ-घणसोलीला आणि शेत मुरबाड किंवा शहापूरला, अशी आपल्याकडे बरीच घरं आहेत. शनिवार-रविवार शेतावर जायचं, बाकीचे दिवस काका नाहीतर गडीमाणसं बघतात. अशा घरात कधी ना कधी विषय निघतोच की बैलं आता राहिली नाहीत, मोठा ट्रॅक्टर परवडत नाही, मग ती मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची एटीव्ही घेऊया का, व्हिडिओत तर काय मस्त चालते. आम्ही हे सगळं शोधाशोध करून, डीलर फिरून, आरटीओत विचारून मग घेतली. त्यात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण नीट मराठीत कुठे एका जागी सापडलं नाही आणि डीलर फक्त त्याच्या सोयीचं तेवढंच सांगतो.

१) गाडी नंतर बघा, आधी कामं लिहून काढा

एक वही घ्या आणि वर्षभरात शेतावर काय काय कुठून कुठे न्यावं लागतं ते लिहा. रस्त्यावर टेम्पो उभा राहतो तिथपासून खतं आत न्यायची, भेंडी-काकडीचे क्रेट मळ्यातून टेम्पोपर्यंत आणायचे, पंप आणि पाइप ओढ्यावर न्यायचा, शेणखत, कुंपणाचे खांब, आंब्याच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी, फवारणीची टाकी, पेंढ्याचे भारे. प्रत्येकापुढे अंदाजे वजन, अंतर आणि वाटेत चढ आहे का ते लिहा. जनरेटर किंवा पाण्याची टाकी असं एकच जड काम असेल तर तेही वेगळं लिहा.

यादी पूर्ण झाली की एक गोष्ट लगेच दिसते. कामं बहुतेक वाहतुकीची असतील तर एटीव्हीचा विचार करा. नांगरणी, चिखलणी, रोटर, मळणी हीच मोठी कामं असतील तर इथेच थांबा आणि पुढची पायरी वाचून मिनी ट्रॅक्टरकडे वळा.

२) एटीव्ही, मिनी ट्रॅक्टर की पॉवर टिलर

लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. एटीव्हीला ट्रॅक्टरसारखा पीटीओ (इंजिनच्या जोरावर अवजार फिरवणारा दांडा) नसतो आणि मागे तीन-पॉइंट लिंकेजही (अवजार जोडायची तीन दांड्यांची जोडणी) नसतं, म्हणजे रोटाव्हेटर लावता येत नाही, थ्रेशर चालवता येत नाही. मागे ओढायचं हलकं वखर किंवा दाताळं चालेल, पण भाताच्या खाचरात पाणी भरून चिखल करायचं काम तिचं नाहीच. लावणीच्या दिवसात खाचरात घातली तर पोटापर्यंत रुतते आणि मग तिलाच काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. चिखलणीला पॉवर टिलर उत्तम, त्याला तोड नाही.

दुसरं म्हणजे एचपीचा आकडा. कागदावर एटीव्ही ३० एचपीच्या पुढची दिसते आणि मिनी ट्रॅक्टर २० ते २५ चा, आणि माणसाला वाटतं एटीव्हीच जास्त ताकदीची. तसं नसतं. पेट्रोल इंजिन तो एचपी खूप जास्त आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) देतं, डिझेल ट्रॅक्टर कमी आरपीएमलाच जोर देतो, आणि ओढायची ताकद शेवटी चाकावरच्या वजनावर ठरते. एटीव्हीचं स्वतःचं वजन साधारण ३०० ते ३५० किलो, मिनी ट्रॅक्टर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे एचपी बघून तुलना करूच नका.

मग एटीव्ही घ्यायची कशाला? कारण वरकस जमिनीवर, डोंगराच्या अंगाला, झाडांमधून, दगडगोट्यांच्या पायवाटेवर ती लवकर आणि हलकी जाते, रुंद कमी हवेच्या टायरमुळे जमीन दाबत नाही, आणि दिवसातून दहा वेळा या टोकाकडून त्या टोकाला जायचं असेल तर ट्रॅक्टर चालू करून नेण्यापेक्षा खूप सोयीचं पडतं. ज्यांची जमीन सलग आणि सपाट आहे, शेतापर्यंत चांगला रस्ता आहे, त्यांनी खरं सांगायचं तर मिनी ट्रॅक्टर आणि छोटी ट्रॉलीच घ्यावी, त्याच पैशात जास्त काम होतं.

३) आरसी मिळणार का, हे पहिल्याच फोनवर विचारा

हा मुद्दा नीट वाचा, कारण पैसे अडकतात ते इथेच.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होतच नाहीत. डीलर म्हणतो, साहेब ही ऑफ-रोड गाडी आहे, नंबरची गरजच नाही. अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलंय. पण तुमचं शेत दोन तुकड्यांत असेल आणि मधून गावचा डांबरी रस्ता जात असेल तर तो रस्ता सार्वजनिक जागाच झाली. तिथे नोंदणी नसलेली गाडी चालवली तर कलम १९२ प्रमाणे पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाचं एक वेळ सोडा, त्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला आणि गाडीला नंबर नाही, थर्ड पार्टी विमा नाही, तर भरपाई तुमच्या खिशातून जाणार, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे वाटण्या होऊन इतके विखुरलेत की रस्ता न ओलांडता सगळ्या शेतावर फिरू शकेल असा शेतकरी मला तरी माहीत नाही.

यावर मार्ग आहे. काही मॉडेल कृषी ट्रॅक्टर म्हणून मंजुरी घेऊन येतात. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० चं असं ट्रॅक्टर मॉडेल भारतात आणलं, ५६७ सीसी इंजिनचं, आणि त्याची नोंदणी ट्रॅक्टर म्हणून होते. पण नाव तेच आणि व्हेरियंट वेगळं असू शकतं, म्हणून ‘स्पोर्ट्समन आहे ना, मग झालं’ असं धरून चालू नका. कुठलीही कंपनी असो, डीलरकडे ही कागदपत्रं आधी मागा:

- त्या नेमक्या व्हेरियंटच्या टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेटची, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर केल्याच्या दाखल्याची कॉपी. पुण्याची एआरएआय किंवा केंद्र सरकारने नेमलेली दुसरी चाचणी संस्था ते देते.
- फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला. हे दोन मिळणार नसतील तर फॉर्म २० भरून नोंदणीचा अर्ज करायलाच तुम्ही पात्र नाही.
- त्याच मॉडेलच्या एखाद्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या आरसीची कॉपी, नाव-पत्ता झाकून दिली तरी चालेल. त्यात वाहनाचा वर्ग कृषी ट्रॅक्टर असा लिहिलेला हवा.

हे सगळं घेऊन आपल्या आरटीओत जाऊन एकदा तोंडी विचारून या. ठाणे असेल तर एमएच-०४, कल्याण एमएच-०५, वाशी एमएच-४३. तिथल्या माणसाला नुसतं एटीव्हीची नोंदणी होते का विचारलंत तर तो नाहीच म्हणेल, कारण बहुतेकांनी रिसॉर्टवरच्याच एटीव्ही बघितलेल्या असतात. टाइप अप्रूव्हलचा कागद पुढे ठेवा आणि मग विचारा. कुठल्या लायसन्सवर चालवता येईल तेही तिथेच विचारून घ्या, म्हणजे गड्याच्या लायसन्सचं काय ते आधीच कळतं.

अजून एक, मागे ट्रेलर लावून रस्त्यावर आणणार असाल तर ट्रेलरची नोंदणी वेगळी होते. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवलेली ट्रॉली शेतात चालेल, रस्त्यावर नाही.

४) वजनाचं गणित कागदावर मांडा

ब्रोशरमध्ये तीन वेगवेगळे आकडे असतात आणि विक्रेता त्यातला सगळ्यात मोठा सांगतो. एक रॅकची क्षमता, दुसरी एकूण पेलोड, म्हणजे गाडीवर मिळून किती वजन चालतं ते, तिसरी ओढायची क्षमता. मध्यम युटिलिटी एटीव्हीला पुढचा रॅक साधारण ४० किलो, मागचा ८० किलोच्या आसपास असतो, आणि ओढायला अर्धा टन किंवा थोडं जास्त. पेलोडमध्ये चालवणाऱ्याचं वजनही धरलेलं असतं, हे कुणी सांगत नाही.

आता आपल्या भाषेत बघा. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. म्हणजे मागच्या रॅकवर युरियाची एक गोणी नीट बसते, दोन टाकल्या तर ९० किलो, क्षमतेच्या वर गेलात. दोन-चार फेऱ्या काही होणार नाही, पण मागचं सस्पेंशन बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर हँडल ऐकत नाही. फवारणीची १०० लिटरची टाकी मागच्या रॅकवर लावायची म्हणाल तर पाणीच १०० किलो, वर टाकी आणि पंपाचं वजन, म्हणजे ते शक्यच नाही. ५० ते ६० लिटरची बघा किंवा टाकी ट्रेलरवर घ्या. टाकीत आडव्या पट्ट्या असलेलीच घ्या, कारण अर्धी भरलेली टाकी उतारावर पाणी एका बाजूला फेकते आणि गाडी कलंडायला तेवढं पुरतं.

ओढायची क्षमता सपाट जमिनीवरची असते. मॅन्युअलमध्ये उतारासाठी वेगळा, कमी आकडा दिलाय का ते शोधा. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतरताना तो मागून गाडीला ढकलतो, आणि ३०० किलोच्या गाडीला ४०० किलोचा ट्रेलर ढकलायला लागला की ओल्या मुरमावर ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. आम्ही उतारावर भार निम्माच भरतो, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतात.

आणि दोरी, साखळी काहीही लावायचं ते फक्त खालच्या हुकाला. रॅकला बांधून ओंडका ओढायला गेलात तर गाडी पुढून उचलते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटते.

५) मशीनमध्ये काय बघायचं

फोर व्हील ड्राइव्ह पाहिजेच. टू व्हीलची स्वस्त पडते पण जून ते सप्टेंबर ती गोठ्यात उभी राहील. स्विच दाबून टू व्हील-फोर व्हील बदलणारी असली तर सुक्यात पेट्रोल वाचतं.

लो रेंज गिअर पाहिजे. हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स, पार्क असे पर्याय असतात. ओझं घेऊन चढताना आणि उतरताना लो मध्येच चालवायचं. बहुतेक युटिलिटी एटीव्हीला बेल्टवाली सीव्हीटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा असते, क्लच-गिअर दाबायची कटकट नाही, घरातलं कुणीही शिकतं. पण जड ओझं घेऊन हाय रेंजमध्ये हळू हळू चढवत राहिलं की बेल्ट तापतो, जळल्याचा वास येतो, आणि मग बेल्टचा खर्च. गड्याला ही एक गोष्ट घोकून घ्यायला लावा.

इंजिन ब्रेकिंग आहे का ते विचारा. थ्रॉटल सोडल्यावर गाडी उतारावर स्वतःला धरून ठेवते का नुसती घरंगळते, आपल्याकडच्या डोंगरउतारावर हा फरक जिवाशी आहे.

ग्राउंड क्लिअरन्स २८ सेंटीमीटरच्या आसपास तरी असावा, आणि पोटाखाली पत्रा किंवा जाड प्लास्टिकचं कव्हर. रुंदी चार फुटांच्या आसपास असते, तेव्हा टेप घेऊन आपलं फाटक, झाडांच्या ओळीतलं अंतर, ओढ्यावरचा साकव मोजून ठेवा. बांधावरून न्यायची म्हणाल तर विसरा. गाडी आणि माणूस मिळून ४०० किलो होतात, भाताचा बांध पावसात तेवढा भार घेत नाही आणि फुटला की शेजाऱ्याशी भांडण वेगळं.

इंधनाचं विचारा. पेट्रोलची असेल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालेल असं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय का ते दाखवायला सांगा, कारण आता पंपावर बहुतेक तेच मिळतं आणि परदेशी मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी असू शकते. वॉरंटीच्या वेळी हा मुद्दा निघतो.

११०-१२५ सीसीच्या चेनवाल्या स्वस्त गाड्या ऑनलाइन दिसतात त्या खेळायच्या आहेत, शेतीकामाच्या नाहीत. त्यांच्याकडे बघूच नका.

६) डेमो स्वतःच्या शेतात मागा

शोरूमबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर सगळ्याच गाड्या छान चालतात. आम्ही एका डीलरला शेतावर ये म्हटलं तर तो महिनाभर टाळत राहिला, दुसरा टेम्पोत घालून घेऊन आला. जो येतो त्याच्याशीच पुढे बोला, कारण जो विकायच्या आधी येत नाही तो बिघडल्यावर काय येणार.

डेमोला हे करा: मागच्या रॅकवर युरियाची गोणी बांधा आणि तुमच्या सगळ्यात वाईट चढावर लो मध्ये चढवा. मधेच थांबवा, पुन्हा उचला. तिथूनच रिव्हर्समध्ये खाली आणा. वरून थ्रॉटल सोडून उतरवा. मग ट्रेलर असेल तर तो लावून वळणावर मागे घेऊन बघा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून पायापाशी किती तापतं ते बघा, मेच्या उन्हात ते फार जाणवतं. जो माणूस रोज चालवणार आहे त्यालाच चालवू द्या, घरच्या हौशी पोराला नको.

७) कोटेशन, अनुदान, कर्ज

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा लिहायला लावा. ८७०१ म्हणजे ट्रॅक्टर, ८७०३ म्हणजे माणसं नेणारी मोटार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मोटारीच्या कोडवर तो कितीतरी जास्त आहे. म्हणून तोंडाने ट्रॅक्टर म्हणणारा डीलर कोटेशनमध्ये ८७०३ लिहीत असेल तर तिथेच थांबून तिसरी पायरी पुन्हा वाचा.

अनुदानाच्या आशेवर असाल तर गाडी आधी घेऊच नका. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, मग कागदपत्रं अपलोड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती आल्यावरच खरेदी असा क्रम आहे. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की अनुदान गेलं. शिवाय नेमकं ते मॉडेल मान्य यादीत हवं आणि त्याचा अधिकृत संस्थेचा चाचणी अहवाल हवा. तालुका कृषी कार्यालयात मॉडेलचं नाव लिहून नेऊन विचारा, डीलर अनुदान मिळेल म्हणतो त्यावर जाऊ नका.

तयार ठेवायची कागदपत्रं: सातबारा आणि ८अ चे ताजे उतारे, आधार, बँकेशी आधार जोडलेलं पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक (१५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो सक्तीचा आहे), लागू असेल तर जातीचा दाखला, पॅन, फोटो. सातबारा अजून आजोबांच्या किंवा सामाईक नावावर असेल तर वारस नोंदीचं काम आधी सुरू करा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. कर्ज काढणार असाल तर बँक ट्रॅक्टर कर्ज देते का साधं वाहन कर्ज, हे परत आरसीच्या वर्गावरच ठरतं.

८) जुनी घेताना

अलिबाग, लोणावळ्याकडच्या रिसॉर्टवरच्या जुन्या एटीव्ही स्वस्तात येतात. बहुतेक विनानंबरच्या, आणि समुद्रावर चाललेल्या असतील तर फ्रेमला आतून गंज. खाली झोपून टॉर्चने वेल्डिंग बघा, चासी नंबर बिलाशी जुळवा, ऑइल काढून बघा, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. आमचं मत विचाराल तर शेतीकामाला जुनी नकोच.

९) चालवण्याचे नियम घरात आधीच ठरवा

सीट लांब असते म्हणून आपल्याकडे लगेच मागे कुणीतरी बसतो. ती सीट चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून लांब असते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर चढाच्या बाजूला. मागे माणूस बसला की हे काहीच करता येत नाही आणि गाडी मागे जड होते. सिंगल सीटवर एकच माणूस, यात पाहुणे-रावळे कुणाचंही ऐकू नका. १६ वर्षांखालच्या मुलांना मोठी एटीव्ही द्यायची नाही. हेल्मेट शेतातसुद्धा.

ऑस्ट्रेलियात शेतावर एटीव्ही उलटून इतकी माणसं गेली की ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे शेतीकामाच्या नवीन एटीव्हीला मागे संरक्षक कमान लावणं कायद्याने सक्तीचं झालं. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण गाडी अंगावर पूर्ण पडू नये म्हणून ती असते. कंपनीची मिळत असेल तर लावून घ्या. गावातल्या वेल्डरकडून मनाने बनवून घेऊ नका, वजन वर वाढतं आणि उलट कलंडायची भीती वाढते.

१०) गाडी घरी आल्यावर

टायरमधली हवा हा अगदी छोटा पण महत्त्वाचा भाग. एटीव्हीच्या टायरला साधारण ५ ते ७ पीएसआय हवा लागते. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने ३० भरतो, मग गाडी दगडावर चेंडूसारखी उडते आणि टायर फुटायची शक्यता असते. पंपावरच्या गेजला एवढी कमी हवा नीट मोजता येत नाही, म्हणून कमी दाबाचा गेज वेगळा विकत घ्या आणि डिक्कीत ठेवा.

पहिली सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर असते. मीटरवर तास दिसतात, मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे भरले की लगेच करून घ्या. पाण्यातून गेल्यावर सीव्हीटीच्या कव्हरमधून पाणी काढायचं बूच कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच मेकॅनिककडून हाताने उघडून दाखवून घ्या, ओला बेल्ट घसरतो आणि गाडी जागेवर नुसती ओरडते. एअर फिल्टर मळणीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसात दर आठवड्याला झटका. शेडमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे भाताच्या कणग्यांजवळ गाडी लावू नका.

एक जादा बेल्ट, एअर फिल्टर, प्लग आणि ऑइल मे संपायच्या आत घरात आणून ठेवा. पावसात बेल्ट गेला आणि पार्ट मागवत बसलात तर तो येईपर्यंत लावणी उरकलेली असते.